मळ्ळी

दुकान विकायच्या आधी एकदा सांगून टाकतो.
लेबल मी लिहिलं होतं.
निळ्या बॉलपेननं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर,
एकच शब्द: पारंपरिक.

त्र्याऐंशी साल. साखर पेठेत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ,
म्हणजे एक टेपरेकॉर्डर, दोन माईक
आणि भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे.
राजव्वा यलदी आली ती विड्या जमा करून, दुपारची.
बोटांना तंबाखू, कमरेला कात्री.
सोबत चौघी. त्यांना वाटलं,
एका गाण्याला सगळ्यांचाच आवाज लागतो.
लागलाच.

हजार विड्या वळून न्यायच्या.
चेकर सुपात हात घालणार,
मूठभर उचलून बाजूला टाकणार, न बघता.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही.
त्यावर तिनं बांधलं होतं ते:
मळ्ळी लेक्कपेट्टु.
म्हणजे, पुन्हा मोज.
चार ओळी तेलुगू, दोन मराठी,
मध्ये रिकाम्या कात्रीचा ठेका.

चाल कुठली, मी विचारलं.
आई मिशन हॉस्पिटलात फरशी पुसायची,
तिथल्या एका नर्सकडे परदेशी तबकडी होती.
कुणा काळ्या बाईचा आवाज.
“शब्द नाही कळला. पण ती मागत होती.
भीक नाही हो. उसनं दिलेलं मागतात, तसं.”

तिसऱ्या ‘मळ्ळी’ला राजव्वाचा आवाज फाटला.
मी म्हटलं, परत घेऊ.
ती म्हणाली, राहू दे,
चादरीला पण दशा असतात की.

पन्नास कॅसेटी काढल्या.
गड्ड्याच्या यात्रेत एकोणीस खपल्या.
नाव का नाही लिहिलं? लेबल लहान होतं.
हे इतकी वर्षं सांगत आलो.
परवा अक्षरं मोजली.
पारंपरिक, पाच. राजव्वा यलदी, सहा.
एका अक्षराचा फरक.

मग श्रीशैल बिराजदार.
इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, केस खांद्यापर्यंत,
बँडचं नाव ‘कडक’, भाकरीवरून.
काकाच्या ट्रंकेत कॅसेट सापडली.
घरी कन्नड, बाहेर मराठी, तेलुगूचा गंध नाही.
त्याला वाटलं, मळ्ळी ही मुलगी.
झालं.
मुलगी पुण्याला निघून गेली,
हा सिद्धेश्वर तळ्याच्या कठड्यावर एकटा,
गिटार अशी करवादते
की बंद गिरणीचा भोंगा परत सुरू झाला असं वाटावं.
गॅदरिंगला अख्खं मैदान ओरडलं, मळ्ळीऽऽ!
रिक्षात वाजलं, हळदीत वाजलं,
एकानं तर मुलीचं नाव ठेवलं.
सीडीवर छापलं होतं, मूळ गीत: पारंपरिक.
पोरगं प्रामाणिक. वाचलं तेच लिहिलं.

आणि खरं सांगू? वाईट नाही केलेलं.
कात्रीच्या जागी झांज घेतलीय, बारीक, कोरडी.
तिसऱ्या वेळी आवाज फाडतो तो, मुद्दाम,
प्रत्येक कार्यक्रमात, बरोबर तिथंच.
ती एकदाच फाटली होती.

विडी घरकुलात गेलो फोन घेऊन.
राजव्वाला आता एका कानानं ऐकू येतं.
तो कान लावला.
“मळ्ळी कोण?”
मी सगळं सांगितलं.
हसली, हसता हसता खोकली, पाणी मागितलं.
म्हणाली, परत लाव.
दुसऱ्यांदा हसली नाही.
मांडीवर दोन बोटं कात्रीसारखी उघडत, मिटत राहिली.
“काय रे,” शेवटी म्हणाली,
“ह्या पोराची छाट कुणी काढली?”

किती जणांनी ऐकलं, तिनं विचारलं.
चार लाख बारा हजार, मी वाचून दाखवलं.
ती कट्टे करायला लागली,
पंचविसाचा एक, पंचविसाचा एक,
मग बोटं संपली
आणि सुनेला म्हणाली, चहा टाक.

शेवटची एक कॅसेट उरलीय.
तिच्यावर नवं लेबल चिकटवलं, सहा अक्षरांचं.
डिंक जुना. उन्हानं कोपरा उचलतो,
खालून ‘पारं’ दिसतं.
मी अंगठ्यानं दाबतो.